वठलेल्या झाडांची साक्ष

लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममध्ये पॉल नॅश या चित्रकाराचे १९१८ सालचे एक तैलचित्र आहे. आकाराने ते फार मोठे नाही. उंची ७१ सेंटिमीटर, रुंदी ९१. आपल्याकडच्या घरात पलंगावरच्या भिंतीवर सहज मावेल एवढे. चित्रात एकही माणूस नाही. उखडून निघालेल्या मातीचे उंचवटे एकामागे एक असे पसरलेले आहेत, आणि त्यांतून फांद्या तुटलेली, साल गेलेली, नुसते बुंधे उरलेली झाडे वर आली आहेत. मागे सुकलेल्या रक्ताच्या रंगाचे ढग आहेत. ढगांच्या वर फिकट पांढरा सूर्य उगवतो आहे आणि त्याचे किरण या सगळ्यावर पडले आहेत. चित्राचे नाव आहे ‘वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’, म्हणजे ‘आम्ही नवे जग घडवीत आहोत’.

नाव वाचून मग पुन्हा चित्राकडे पाहावे. जो कडवटपणा त्या चार-पाच शब्दांत आहे तो मोठमोठ्या युद्धविरोधी व्याख्यानांत सापडत नाही. गंमत अशी की, हे चित्र काढणारा माणूस सरकारच्या वतीने नेमलेला अधिकृत युद्धचित्रकार होता.

इतिहास शिकवताना पहिले महायुद्ध आम्ही शिक्षक मंडळी कारणे आणि परिणाम या दोन मथळ्यांत बसवतो. साराजेव्होचा खून, गुप्त करार, व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ. एस.एस.एल.सी.च्या उत्तरपत्रिकेत मुले हे सारे ओळीने लिहितात आणि गुणही मिळवतात. पण जमिनीचे काय झाले, झाडांचे काय झाले, ज्या शेतांवरून चार वर्षे तोफा चालल्या त्या शेतांत पुन्हा कधी पेरणी झाली, हा प्रश्न अभ्यासक्रमात येत नाही. तो प्रश्न इतिहासाचाच आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर शोधताना राजकारण्यांच्या आठवणींपेक्षा चित्रकार अधिक उपयोगी पडतात.

नॅशचा जन्म ११ मे १८८९ रोजी लंडनमध्ये झाला, पण तो वाढला बकिंगहॅमशायरमधल्या आयव्हर हीथ या खेड्यात. लहानपणापासून त्याला झाडांचे वेड होते. वेड म्हणजे आपण ‘निसर्गप्रेम’ म्हणतो तसले सहलीपुरते नव्हे. घराच्या आवारातली एल्मची झाडे त्याला माणसांसारखी वाटत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. स्लेड या प्रसिद्ध कलाशाळेत तो वर्षभर होता. माणसांची शरीरे रेखाटण्यात त्याला फारशी गती नव्हती आणि तशी त्याची इच्छाही नव्हती. टेम्स नदीकाठच्या विटनहॅम क्लंप्स या दोन टेकड्या आणि त्यांच्या माथ्यावरची बीचची राई त्याने १९१२ च्या सुमारास रेखाटली. त्या टेकड्या पुढे जन्मभर त्याच्या मनातून गेल्या नाहीत. आपल्या एखाद्या माणसाला गावाबाहेरचा म्हसोबाचा वड जसा परगावी असताना आठवत राहतो, तसेच.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये तो सैन्यात भरती झाला. पहिली काही वर्षे मायदेशीच गेली. १९१७ च्या आरंभी हॅम्पशायर रेजिमेंटचा कनिष्ठ अधिकारी म्हणून त्याला बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या आघाडीवर धाडण्यात आले. हा काळ तुलनेने शांत होता, आणि ऋतू वसंताचा होता. या दिवसांत त्याने पत्नी मार्गारेटला लिहिलेली पत्रे वाचली की माणूस चकित होतो. दोन महिन्यांपूर्वी तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या, विषारी वायूने भरलेल्या एका रानातून तो पुन्हा गेला, तर रान हिरवेगार. पार मोडून पडलेल्या झाडालाही कुठे तरी एखादा धुमारा फुटलेलाच. आणि त्या जखमी रानात नाइटिंगेल गात होता. नॅशला हे सुंदर वाटले, आणि त्याच वेळी वेडगळ, विसंगतही वाटले. या अनुभवावरचे त्याचे ‘स्प्रिंग इन द ट्रेंचेस’ हे चित्रही इम्पीरिअल वॉर म्युझियममध्ये आहे. खंदकात सैनिक आहेत आणि बाजूला झाडांना कोवळी पाने फुटली आहेत.

२५ मे १९१७ च्या रात्री तो अंधारात खंदकात पडला आणि त्याची बरगडी मोडली. उपचारांसाठी त्याला मायदेशी पाठवले गेले. पुढच्या थोड्याच दिवसांत त्याच्या तुकडीने ‘हिल ६०’ नावाच्या टेकडीवर हल्ला केला. त्यात त्याच्या बरोबरचे बरेचसे लोक मारले गेले. मोडलेल्या बरगडीने त्याचा जीव वाचवला असे म्हणायला हरकत नाही.

तो परत गेला नोव्हेंबर १९१७ मध्ये, या वेळी चित्रकार म्हणून. मधल्या काळात त्याच भूमीवर ईप्रची तिसरी लढाई होऊन गेली होती. पॅशनडेल या नावाने ती अधिक ओळखली जाते. ३१ जुलै ते १० नोव्हेंबर अशी ती चालली. हल्ल्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत एकट्या ब्रिटिश तोफांनी चाळीस लाखांहून अधिक गोळे फेकले होते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. फ्लँडर्सची जमीन चिकणमातीची आणि सखल. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून, ते राखून, पाण्याला वाट करून दिली होती, म्हणून तिथे शेती होत होती. तोफांनी ते चर उद्‌ध्वस्त केले. त्यात ऑगस्टमध्ये धो धो पाऊस लागला. पाण्याला जायला जागाच नाही. प्रत्येक गोळ्याचा खड्डा म्हणजे एक डबके झाले, आणि माणसे, घोडे, खेचरे त्यांत बुडून मेली. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत जन्माचे वैर होते. तिथे बांध, चर, शेत, रस्ता, गाव ही सगळी ओळखच पुसली गेली.

नॅशने हे पाहिले आणि त्याच्यातला निसर्गाचा प्रेमी हादरला. पत्नीला त्याने त्या महिन्यात लिहिलेले पत्र कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, आता मी कुतूहलाने चित्रे काढणारा कलावंत उरलो नाही. मी निरोप्या आहे, इथे लढणाऱ्या माणसांचा निरोप मागे राहून युद्ध चालू ठेवू पाहणाऱ्यांकडे पोहोचवणे हे माझे काम आहे. सुमारे सहा आठवड्यांत त्याने गोळ्यांच्या टप्प्यात हिंडून पन्नासेक रेखाटने केली. त्यांतले एक इन्व्हर्नेस कॉप्स या उद्‌ध्वस्त राईतल्या सूर्योदयाचे होते. त्याच रेखाटनावरून पुढे आरंभी सांगितलेले तैलचित्र झाले.

इथे सेन्सॉरचा प्रश्न येतो. ब्रिटिश सैनिकांची प्रेते चित्रांतून दाखवायला मनाई होती. नेव्हिन्सन या दुसऱ्या चित्रकाराने काटेरी तारांपाशी पालथे पडलेले दोन मृत सैनिक दाखवले तर त्या चित्राला परवानगी नाकारली गेली. त्या बहाद्दराने १९१८ च्या प्रदर्शनात ते चित्र लावलेच, वर तपकिरी कागदाची पट्टी डकवून, आणि पट्टीवर ‘सेन्सॉर्ड’ असे लिहून! नॅशच्या चित्रांना मात्र सेन्सॉर अडवू शकला नाही. अडवणार कशाला? त्यांत प्रेत नाही, पराभव नाही, लष्करी गुपित नाही. नुसती झाडे आहेत. संबंधित अधिकाऱ्याला ही चित्रे म्हणजे नॅशने जनतेची चालवलेली थट्टा वाटली, अशी नोंद आहे. झाड पाहिले की माणूस आठवतो, हे त्याच्या लक्षात आले नाही. नॅशच्या चित्रांतले बुंधे हात तुटलेल्या माणसांसारखे उभे आहेत, आणि मातीचे उंचवटे थडग्यांसारखे दिसतात.

महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी दिव्य दृष्टीने कुरुक्षेत्र पाहते. तिला तिथे एकेक ओळखीचा देह दिसतो, त्यांच्यावर पडून रडणाऱ्या सुना दिसतात, कोल्ही-गिधाडे दिसतात. प्रत्येकाला नाव आहे. विसाव्या शतकातल्या रणभूमीवर ती सोय राहिली नाही. तोफेने मारलेल्याचा देह सापडतोच असे नाही, सापडला तर ओळखू येतोच असे नाही. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारक-वेशीवर ५४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, ती सगळी थडगे न सापडलेल्यांची. अशा युद्धाचे चित्र काढायचे तर माणसाचा चेहरा कुठून आणणार? नॅशने झाडाला उभे केले यामागे सेन्सॉरची युक्तीपूर्ण बगल एवढेच नसावे.

त्या वेशीवर आपल्या देशाच्या सैनिकांचीही नावे आहेत. हिंदी सैन्य १९१४ च्या ऑक्टोबरातच ईप्रला पोहोचले होते, अंगावर उन्हाळी कपडे आणि समोर युरोपचा हिवाळा. फ्रान्समधल्या नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. हर्बर्ट बेकरने तिथे कमळाच्या शीर्षाचा, अशोकस्तंभाची आठवण देणारा उंच खांब उभा केला आहे. आपल्या मराठा पलटणी मात्र मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जेरीस आलेल्या त्या सैन्याला शरण जावे लागले. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. आमच्या भागात ‘मिल्ट्रीत’ माणूस नाही असे खेडे शोधावे लागेल. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या नि आमच्याही काही गावांत चावडीच्या भिंतीवर किंवा वेशीपाशी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढाच तिचा मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचा तो आकडा ४६ आहे. पाटीवर दरवर्षी चुना उडतो, कुणीतरी तो पुसतो.

आता पुन्हा नॅशकडे. १९१८ च्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांनी चाल्फाँट सेंट पीटर या गावी औषधी वनस्पती वाळवण्याची एक शेड भाड्याने घेतली आणि तिथे सरकारी कामाची चित्रे काढायला बसले. जॉनही लढून आलेला. ३० डिसेंबर १९१७ रोजी त्याच्या तुकडीतले ८० जण दिवसाढवळ्या बर्फातून पुढे गेले. काही मिनिटांत ६८ जण मेले किंवा जखमी झाले. जॉन वाचलेल्यांतला. ‘ओव्हर द टॉप’ हे त्या सकाळचे चित्र त्याने याच शेडमध्ये काढले. त्याच वेळी पॉल ‘द मेनिन रोड’ हे सुमारे सव्वातीन मीटर रुंदीचे अवाढव्य चित्र रंगवत होता. पाण्याने भरलेले खड्डे, तुटके बुंधे, गंजके पत्रे, आणि त्यातून वाट शोधणारे दोन इवलेसे सैनिक. रस्ता नावापुरता.

या दोघा भावांनी एक नियम केला होता. दिवसभर युद्धाची चित्रे काढायची. स्वतःच्या आनंदासाठी ब्रश उचलायचा तो संध्याकाळी सहानंतर. सहा वाजले की जॉन बाहेर पडे आणि कापणी होऊन पेंढ्या रचलेले एक शेत रंगवी. उतरत्या उन्हात पेंढ्यांच्या लांब सावल्या, मागे गर्द झाडी. ‘द कॉर्नफील्ड’ हे चित्र आज टेट गॅलरीत आहे, आणि त्याला युद्धचित्र कुणी म्हणत नाही. मला विचाराल तर ते युद्धचित्रच आहे. बर्फात पडलेले सोबती सहा वाजेपर्यंत ज्याच्या ब्रशाखाली होते, त्यालाच सुगीचे शेत इतके शांत आणि इतके नीटनेटके दिसू शकते.

निसर्ग टिकतो म्हणजे नेमके काय होते, याचेही एक शास्त्र आहे. फ्लँडर्सचे तांबडे पॉपी सर्वांना माहीत आहे. ते आपल्या खसखशीच्या कुळातले, पण शेतात तण म्हणून उगवणारे झाड. त्याचे बारीक बी मातीत कित्येक दशके निजून राहू शकते. जमीन उकरली गेली, बी वर येऊन त्याला उजेड लागला, की ते रुजते. नांगर हेच काम करतो, आणि तोफाही. म्हणून जिथे सर्वाधिक गोळे पडले तिथेच सर्वाधिक फुले आली. आपल्याकडे उन्हाळाभर करपलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यात तेरडा नि सोनकी कुठून येतात असा प्रश्न पडतो. बी तिथेच असते. कॅनडाच्या सैन्यातला डॉक्टर जॉन मॅक्रे याने १९१५ च्या मे महिन्यात ईप्रजवळ ही फुले थडग्यांमधून उगवलेली पाहिली आणि त्यावर कविता केली. पॉपी हे युद्धस्मृतीचे चिन्ह झाले ते तिच्यामुळे. ऑर्पेन या चित्रकाराने सोमची रणभूमी आधी चिखल म्हणून पाहिली होती. १९१७ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा गेला, तर चुनखडीची माती उन्हाने पांढरीशुभ्र झालेली आणि तिच्यावर तांबडी-निळी फुले मैलोन्‌मैल पसरलेली. त्याच सोमच्या डेलव्हिल वूडमध्ये १९१६ च्या लढाईनंतर हॉर्नबीमचे एकच झाड जिवंत राहिले. ते आजही उभे आहे, लोक पाहायला जातात.

हे सारे खरे, पण त्यातून काढला जाणारा सोपा निष्कर्ष मला पटत नाही. निसर्ग सारे भरून काढतो, काळ सारे विसरायला लावतो, असे आपण सहज बोलून जातो. फुले बीजाच्या नियमाने येतात. मेलेल्यांवर ती दया करीत नाहीत, आणि मारणाऱ्यांना क्षमाही करीत नाहीत. नॅशच्या त्या चित्रातल्या सूर्याला काही टीकाकार आशेचे प्रतीक म्हणतात. मी ते चित्र अनेकदा छापील रूपात निरखले आहे; मला त्यात आशा दिसत नाही. रोज उगवण्याचे आपले काम सूर्य करतो आहे, आणि खाली त्याच्या उजेडात वाढायला काही उरलेले नाही. गवत जे झाकून टाकते ते चित्रकाराने झाकू दिले नाही, यातच त्या चित्राचे मोल आहे. इन्व्हर्नेस कॉप्सची ती अवस्था गवताला फार तर दोन-तीन वर्षे पुरली असेल. कॅनव्हासवर ती शंभर वर्षांहून अधिक टिकली आहे.

स्वतः नॅशला मात्र सावरायला वेळ लागला. १९२१ मध्ये तो कोसळला. डॉक्टरांनी युद्धाचा ताण म्हटले. तो डिमचर्च या समुद्रकाठच्या गावी राहिला आणि वर्षानुवर्षे एकच विषय काढत बसला: किनाऱ्याची लांब भिंत आणि तिच्यावर आदळणारा थंड, काळसर समुद्र. पुढे दम्याने गाठले. १९४० साली दुसऱ्या युद्धात सरकारने पुन्हा त्यालाच बोलावले, या वेळी विमानदलासाठी. ऑक्सफर्डजवळ काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांच्या सांगाड्यांचा ढीग होता. नॅशने तो चांदण्यात पाहावा तसा रंगवला, आणि मोडक्या पंखांचा समुद्रच झाला; लाटा उसळलेल्या, पण थिजलेल्या. नाव जर्मन भाषेत: ‘टोटेस मेअर’, मृत समुद्र. डिमचर्चचा समुद्र वीस वर्षांनी असा परत आला.

आणि तरुणपणच्या त्या दोन टेकड्याही परत आल्या. ऑक्सफर्डलगतच्या बोअर्स हिलवर एका मैत्रिणीच्या घरातून त्या दूरवर दिसत. दम्यामुळे चालवत नव्हते म्हणून नॅश दुर्बिणीतून त्या पाही. १९४३ च्या ‘वसंतसंपाताच्या भूदृश्या’त एकीकडे मावळता सूर्य, दुसरीकडे उगवता चंद्र, आणि मध्ये ती राई आहे. शेवटच्या दोन पूर्ण झालेल्या मोठ्या चित्रांत, १९४५ सालच्या, सूर्यफूल आहे. एकात ते ग्रहणातल्या सूर्यासारखे काळवंडलेले, दुसऱ्यात चाकासारखे उतारावरून धावत सुटलेले. या मालिकेत चार चित्रे काढायची होती. ११ जुलै १९४६ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी तो गेला.

मेनिनचा तो रस्ता आज डांबरी आहे. दोन्ही बाजूंना शेते आहेत, झाडी पुन्हा वाढली आहे. हूग गावापाशी तर रस्त्यालगत मुलांचे मोठे करमणूक-उद्यान आहे, पाळण्यांचे नि घसरगुंड्यांचे. पण नांगरणीच्या दिवसांत तिथल्या शेतांतून न फुटलेले तोफगोळे अजून वर येतात, काही वायूचेही. वर्षाला शंभर टनांहून अधिक. तिकडचे लोक त्याला ‘लोखंडाचे पीक’ म्हणतात. शेतकरी गोळा सांभाळून उचलतो, बांधावर किंवा खांबाच्या बुंध्याशी ठेवतो, आणि पुढचे तास काढायला वळतो. ठरल्या वेळी बेल्जियन सैन्याची गाडी येऊन तो घेऊन जाते.